बंद म्हणजे चालू

४ डिसेंबर १९८९, सोमवार

आज जिनिंग दोन तास ठप्प. मेन लाईनचा ऑइल स्विच ढप्प करून पडला आणि त्याच्या पोटातलं तेल फरशीवर आलं. बाहेर कापसाच्या बंड्यांची रांग रस्त्यापर्यंत, बैल वैतागलेले, शेतकरी त्याहून वैतागलेले. मॅनेजर नरसय्या गारू (तेलुगू माणूस, गारू म्हणजे आपलं 'राव') हात मागे बांधून त्या तेलाभोवती फिरत होते. आमचा वायरमन मारोती, म्हणजे माझा साळा, माझी बायको विमल हिचा धाकटा भाऊ, स्विचपुढे उकिडवा बसून म्हणाला, "हा म्हातारा आता काई ऐकत नाई, साहेब. नवा ब्रेकर सहा महिन्यापासून खोक्यात पडून राह्यला. तो बसवा."

ब्रेकर म्हणजे कारखान्याच्या विजेचं मोठं बटण. वीज बेफाम झाली की स्वतःच तुटतो आणि माणूस वाचवतो. या जुन्या स्विचनं मात्र आठ वर्षांपूर्वी अमृतराव वायरमनची तीन बोटं खाल्ली. अमृतराव आता आमच्या गेटवर चौकीदार आहेत, सलाम दोन बोटांनी करतात.

नरसय्या गारूंनी मला बोलावलं. बावीस तारखेला फॅक्टरी इन्स्पेक्टरचा मुआयना, म्हणजे तपासणी आहे. त्याआधी नवा ब्रेकर बसला पाहिजे, आणि त्याच्याजवळ कामगारांच्या भाषेत सूचनांचा बोर्ड लागला पाहिजे. खोक्यात चाळीस पानांचं इंग्रजी पुस्तक निघालं. गारू म्हणाले, "रामाजी, तुम मॅट्रिक है. मराठी में लिखो. आज से तुम सेफ्टी इंचार्ज."

सेफ्टी इंचार्ज! अकरा वर्षं स्टोअरमध्ये खिळे मोजले त्याचं चीज झालं. घरी येऊन विमलला सांगितलं. ती भाकर थापता थापता म्हणाली, "म्हंजे मारोतीले काई झालं तर तुमाले धरतीन?" या बाजूनं मी विचार केला नव्हता.

एक नोंद करून ठेवतो. घरीदारी आमची बोली कशीही असो, ही डायरी शुद्ध मराठीतच लिहायची असा माझा नेम आहे. ऱ्हस्वदीर्घ चुकलेला दिसला की मला घास जात नाही. मारोती स्टोअरला चिठ्ठी देतो, "फुज ३ दया". मी लाल शाईनं दुरुस्त करून परत देतो. तो दुरुस्त चिठ्ठी लिहून आणतो, मग फ्यूज मिळतो. तेवढा वेळ कारखाना अंधारात असतो, पण शिस्त लागली पाहिजे.

६ डिसेंबर, बुधवार

सकाळी विहारात मेणबत्ती लावून आलो, मग शाळेतल्या मास्तरांकडून डिक्शनरी आणली आणि भाषांतराला बसलो.

काम सोपं नाही. ब्रेकर म्हणजे तोडणारा. मी "तोड्या" केलं, सुटसुटीत आहे. ट्रिप म्हणजे सहल. "तोड्या सहलीस गेल्यास, कारण शोधल्याशिवाय त्यास परत आणू नये." छान झालं. लाईव्ह पार्ट्‌स म्हणजे जिवंत अवयव. आयसोलेट म्हणजे एकटे पाडणे. क्लोज्ड म्हणजे बंद, ओपन म्हणजे उघडा, त्यात तर शंकाच नाही, तिसरीतलं पोरगं सांगेल.

सगळ्यात महत्त्वाची सूचना अशी उतरली आहे: "तोड्या बंद असताना त्याच्या जिवंत अवयवांना हात लावू नये. तोड्या उघडा आहे अशी खात्री झाल्यावरच हात घालावा."

मोठ्यानं वाचून पाहिलं. कानाला गोड लागतं.

८ डिसेंबर, शुक्रवार

कच्चा कागद मारोतीला वाचायला दिला. त्यानं दोनदा वाचला. मग डोकं खाजवलं.

"भाऊजी, बंद असल तर हात लावाचा नाई?"

"नाही."

"मंग कवा लावाचा? चालू असल तवा?"

मी पुस्तक उघडून दाखवलं. ब्रेकर क्लोज्ड म्हणजे आतली दोन टोकं एकमेकांना भिडलेली. ओपन म्हणजे टोकं दूर. हात कधी घालायचा? ओपन असताना. म्हणजे उघडा असताना. हे काय माझ्या घरचं आहे?

"पुस्तकात बरोबर असन," मारोती म्हणाला, "पण नळ बंद म्हंजे पाणी बंद. नळ उघडा म्हंजे पाणी चालू. आपल्या गावात लाईन बंद म्हंजे लाईन नाई. हे वाचून एखादा मरन ना, भाऊजी."

मी म्हटलं, "वीज म्हणजे पाणी नव्हे."

तेवढ्यात फॅक्टरीची झाडलोट करणाऱ्या बयनाबाईनं विचारलं की काय लिहिलं आहे. मी वाचून दाखवलं. "उघडा" आणि "अवयव" ऐकून तिनं पदर तोंडाला लावला. (प्रौढ शिक्षणाचा वर्ग घेतो म्हणून इथं पुष्कळ जण मला मास्तर म्हणतात.) "अगं माय, मास्तर, तुमी एवढे चांगले माणूस. बायामाणसात असं लिवाव का?"

अडाणी लोकांपुढे शास्त्र वाचणं कठीण.

११ डिसेंबर, सोमवार

वाद नरसय्या गारूंपर्यंत गेला. त्यांनी चष्मा लावून पुस्तक पाहिलं. "क्लोज्ड मतलब ऑन. बुक करेक्ट. रामाजी करेक्ट." मी मारोतीकडे पाहिलं नाही, मोठेपणा असतो माणसात.

पण गारूंना पुढची काळजी लागली. एकाच कारखान्यात बंदचे दोन अर्थ राहिले तर धोका. म्हणून सर्क्युलर काढायचं ठरलं आणि मसुदा मीच केला: "आजपासून कारखान्याच्या हद्दीत 'बंद' म्हणजे चालू व 'उघडा' म्हणजे न चालू असे समजावे. 'बंद' या शब्दाचा जुना वापर बंद करण्यात येत आहे."

गारूंनी दस्तखत करता करता पेन थांबवला. "ये आखरी वाला बंद, नया वाला या पुराना वाला?"

मी विचार करून सांगितलं, "जुना. कारण दस्तखत होईपर्यंत हुकूम लागू नाही." त्यांनी मान डोलावली. माझ्या हाताखाली असा बारकाईनं विचार करणारा एक माणूस असता तर मी कुठल्या कुठे गेलो असतो.

सर्क्युलर सगळ्यात आधी कोणी वाचलं असेल तर डोमाजीनं. डोमाजी यंत्रांना तेल देतो. पंचेचाळिशीचा आहे, गेल्या वर्षापर्यंत अंगठा लावायचा. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात मीच त्याला अक्षरं शिकवली. आता तो भिंतीवरचं, पाकिटावरचं, बिडीच्या बंडलावरचं सगळं मोठ्यानं वाचतो. त्यानं सर्क्युलर बोट फिरवत पूर्ण वाचलं आणि मला हात जोडले. "मास्तर, समजलं. बंद म्हंजे चालू. आता चूक होणार नाई."

डोळ्यात पाणी आलं माझ्या.

१३ डिसेंबर, बुधवार

बोर्ड आला! निर्मलहून नागनाथ पेंटरला बोलावून करून घेतला. चित्रकारीसाठी नावाजलेल्या निर्मलचा माणूस तो, नुसती अक्षरं काढून त्याचं मन कसं भरणार? चारी कोपऱ्यांना मोर, वरती सोनेरी वेल, "सावधान" भोवती कमळं. ब्रेकरच्या खोलीत शिरल्याबरोबर समोरच्या भिंतीवर टांगला, कारण पॅनलच्या शेजारी तो मावत नव्हता. नवी नवरी बसवल्यासारखं दिसतं.

बयनाबाईनं संध्याकाळी त्याच्यापुढे उदबत्ती लावली. वाचता येत नाही बिचारीला, पण एवढा सोन्याचा बोर्ड उगाच कोणी करत नाही अशी तिची समजूत.

अमृतरावांनी गेटवरून येऊन एकदा पाहिला. मी वाचून दाखवला. ते म्हणाले, "मलेबी त्या दिवशी 'बंद हाये' असंच सांगतलं होतं, रामाजी." आणि निघून गेले. म्हातारपणी माणूस भलत्याच वेळी भलतं बोलतो.

१४ डिसेंबर, गुरुवार

अमृतरावांची सुट्टी, म्हणून गेटवर डोमाजी. दुपारी नरसय्या गारू जेवायला जाताना ओरडून गेले, "डोमाजी, गेट बंद रखो!"

डोमाजीनं सर्क्युलरप्रमाणे गेट सताड उघडं केलं आणि शेजारी सलाम ठोकून उभा राहिला. पाटलाच्या तीन म्हशी आत आल्या आणि सरकीच्या ढिगात गळ्यापर्यंत शिरल्या. त्यांना बाहेर काढायला नऊ माणसं लागली.

गारूंनी डोमाजीला झापलं. डोमाजीनं सर्क्युलर काढून दाखवलं, "कारखान्याच्या हद्दीत" वर बोट ठेवलं. गेट हद्दीत येतं की नाही? येतं. गारूंनी कागद त्याला परत दिला. मी म्हटलं, शाबास! वाचता येणं म्हणजे काय, हे आज सगळ्यांना कळलं.

कामगारांत दोन तट पडले आहेत, बोर्डवाले आणि बोलीवाले. बयनाबाईनं कुणाला तरी "नळ बंद कर" सांगितलं आणि हौद भरून वाहू लागला. पंखा बंद कर म्हटलं तर माणूस आधी विचारतो, "सर्क्युलरचा का घरचा?" असे सुरुवातीचे चार दिवस जायचेच. नवीन शिस्त आहे.

१६ डिसेंबर, शनिवार

उद्या रविवार, कारखान्याला सुट्टी, ब्रेकर बदलायचा. सेफ्टी इंचार्ज म्हणून मारोतीच्या हत्यारांची तपासणी केली. पाने-पक्कड ठीक. रबरी चटई ठीक. हातमोजे ठीक. पण त्याचा टेस्ट लॅम्प म्हणजे काय ध्यान! दोन होल्डर, दोन बल्ब, वायरीला जागोजागी चिंध्या. वायरीची दोन टोकं लाईनला लावायची. बल्ब पेटले तर वीज आहे, नाही पेटले तर नाही. असं म्हणतो तो.

बरं, नुसतं तेवढंही नाही. आधी हा लॅम्प दुसऱ्या कुठल्या तरी चालू लाईनवर पेटवून पाहतो, मग कामाच्या जागी लावतो, मग परत जाऊन चालू लाईनवर पेटवून पाहतो. मी विचारलं, "एकदा पाहिलं तर पुरत नाही?" तर म्हणे, "मधात बल्बच उडाला असल तर? मेलेला बल्बबी पेटत नाई, भाऊजी." म्हणजे तपासणाऱ्याची तपासणी, आणि त्याची परत तपासणी! पुस्तकात "मान्यताप्राप्त उपकरण" असं स्वच्छ लिहिलं आहे. चिंध्या बांधलेलं हे यंत्र इन्स्पेक्टरच्या नजरेस पडलं तर माझी काय अब्रू राहील? मी ते जप्त करून स्टोअरच्या कपाटात घातलं, पावती दिली.

मारोती भांडला नाही. पावती वाचली आणि म्हणाला, "'यंत्र' वर टिंब राह्यलं तुमचं."

राहिलं होतं. फार लागलं ते मनाला.

विमलला हे कुणी तरी जाऊन सांगितलं. जेवताना तिनं पाणी ठेवलं आणि म्हणाली, "माय गेली तवा तो चार वर्षांचा होता. मी कडेवर वागवला त्याले. उद्या त्याच्या हाताले काई झालं तर या घरात मी राहणार नाई. सांगून ठेवते."

मी तिला समजावलं की उद्या सगळं पुस्तकाप्रमाणे होणार आहे.

१७ डिसेंबर, रविवार

आज शुद्ध लिवनं होत नाई. जसं झालं तसं लिवतो.

सकाळी नऊ. कारखाना रिकामा, जिनिंगच्या मशिना उभ्या, ना दिवा ना पंखा. जुना स्विच मारोतीनं आधीच ऑफ करून ठेवलेला, पण त्याच्या मागून येणाऱ्या वायरी जित्त्याच होत्या. त्यायच्यातली लाईन तोडासाठी बाहेरचा दांडा खाली वढा लागते. तो दांडा आवारातल्या ट्रान्सफॉर्मरच्या खांबावर. तिथं डोमाजीले उभं केलं. मधात जिनघर, एकमेकाले कोणी दिसत नाई, हाक तेवढी पोचते. मी स्टुलावर बसलो, मांडीवर पुस्तक.

मारोतीनं हाक देल्ली, "डोमाजीऽऽ, बंद कर!"

जराशानं तिकडून आवाज आला, "बंद हायेऽऽ!"

मारोतीनं पाना उचलला. अन् मले खरं सांगतो, बरं वाटलं. मनलं, कसं ठणठणीत उत्तर देल्लं माह्या विद्यार्थ्यानं.

मंग डोक्यात काईतरी खुपलं. व्याकरण खुपलं. 'कर' म्हटल्यावर उत्तर 'केलं' असं येते. यानं 'हाये' काऊन म्हटलं? 'हाये' म्हंजे आधीपासून हाये. म्हंजे यानं काई केलंच नाई. म्हंजे दांडा होता तसाच हाये. म्हंजे चालू हाये. म्हंजे माह्या सर्क्युलरनं बंद हाये.

मारोतीनं त्याच्या भाषेत इचारलं, अन् डोमाजीनं माह्या भाषेत उत्तर देल्लं.

मारोतीचा हात झाकणाजवळ गेलता. मी वरडलो. थांब म्हणाव का नाई? पण तोंडातून काय निघालं, "बंद! मारोती, बंद! बंद!"

तो मागं न पाहता म्हणे, "हाव, बंद हाये म्हून सांगतलं ना त्यानं."

"तो बंद नाई रे! माहा बंद!"

"आँ?"

मंग मी पुस्तक फेकून मारलं. चाळीस पानं, जाड पुठ्ठा, नेमकं मनगटावर. पाना खाली पडला. माह्या नोकरीत त्या पुस्तकाचा एवढाच उपेग झाला.

मारोती मनगट चोळत माह्याकडे पाहून राह्यला. मी खांबाकडं बोट दाखवलं. तवा त्यानं जेवणाच्या पिशवीत हात घातला अन् भाकरीच्या फडक्यातून दोन बल्बाचा लॅम्प काहाडला. दुसरा. "तुमी जप्त केला तो जुना होता, भाऊजी. हा घरून आणला. ताईनं चिंध्या बांधून देल्ल्या." मंग हातमोजे घालून, झाकण लाकडी दांडीनं सरकवून, त्यानं टोकं लावले.

दोनी बल्ब भक्कन पेटले.

मारोती आधी हासला. मंग हासनं थांबलं त्याचं.

तो सवता गेला खांबाजवळ. सवता दांडा वढला, कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली. मंग रस्त्यापल्याडच्या चहाच्या हाटेलात जाऊन तिथल्या लाईनवर लॅम्प पेटवून पाह्यला, इथं येऊन लावला, नाई पेटला, परत हाटेलात जाऊन पाह्यला, पेटला. दोन येरझारा. मी त्याच्या मागं मागं कुत्र्यासारखा. मंग त्यानं वायरीले अर्थिंगची साखळी बांधली अन् मंगच जुन्या स्विचले हात लावला.

डोमाजी खांबाजवळून पळत आला, त्याले सारं समजलं होतं. खिशातून सर्क्युलर काहाडून माह्यापुढं धरलं. "मास्तर, इथं लिवलं तसंच केलं ना मी? चुकलं का वाचाले?"

मी म्हटलं, "नाई रे बापा. तू बरोबर वाचलं."

तीन वाजता नवा ब्रेकर बसला. विमलले मी अजून काई सांगतलं नाई. तिनं जेवाले वाढलं, मारोतीलेबी वाढलं, अन् त्याचे दोनी हात पाह्यले.

१९ डिसेंबर, मंगळवार

काल डायरी उघडली नाही. आज पुन्हा शुद्ध लिहिता येतं.

नरसय्या गारूंना सांगितलं की बोर्ड काढा, त्यानं माणूस मरेल. त्यांनी चष्मा लावला, पुस्तक मागितलं. पुस्तकाचा एक कोपरा वाकलेला आहे. "बुक करेक्ट," ते म्हणाले. मी म्हटलं, "पुस्तक करेक्ट, बोर्ड करेक्ट, माणूस मेला तर तोही करेक्टच मरेल, गारू!" इतक्या मोठ्यानं मी अकरा वर्षांत बोललो नव्हतो. ते म्हणाले, बावीसपर्यंत बोर्डाला हात लावायचा नाही, एवढी निर्मलची कारागिरी, इन्स्पेक्टर खूश होईल. मात्र सर्क्युलर त्यांनी मागे घेतलं. गेटवर फळ्यावर लिहायला लावलं, "सर्क्युलर बंद."

डोमाजी फळ्यापुढे अर्धा तास उभा. मग मला विचारायला आला, "मास्तर, म्हंजे ते चालूच हाये का?"

२२ डिसेंबर, शुक्रवार

मुआयना झाला. इन्स्पेक्टर साहेब हैदराबादचे, तेलुगू. त्यांना मराठीचं एक अक्षर येत नाही. बोर्डापुढे उभे राहिले, मोर पाहिले, वेल पाहिली, "चाला बागुंदि, चाला बागुंदि" म्हणाले, म्हणजे फार छान. मला अर्थ विचारला. मी इंग्रजीत सांगितला, आणि इंग्रजीत तो इतका बरोबर होता की माझाच जीव जळाला. मी सांगायचा प्रयत्न केला, "सर, इन मराठी, बंद इज... इन मराठी, बंद..." त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली.

मग त्यांनी बोर्डाच्या चारी कोपऱ्यांना लाखेचा शिक्का मारला. मंजूर. आता तो काढणं, बदलणं, त्यावर काही लिहिणं गुन्हा आहे. तोड्या उघडा आहे अशी खात्री झाल्यावरच हात घालावा, सरकारी शिक्क्यासह. मारोती निघून जाईल, मी निघून जाईन, पुढच्या हंगामात बाजारहत्नूरकडचा एखादा नवा माणूस येईल, आणि डोमाजीसारखं नीट वाचेल.

मला प्रशस्तिपत्र मिळणार आहे म्हणे.

२४ डिसेंबर, रविवार

बयनाबाईनं मार्ग दाखवला, तिला न कळत. ती बोर्डापुढे रोज उदबत्ती लावतेच. आज म्हणाली, "मास्तर, एवढा जागृत देव, कोणी शेंदूर लावत नाई?"

मी विचारलं, "शेंदूर लावला तर ते लिहिणं होतं का?"

"लिवनं कसं होईन? ती तं पूजा."

पूजेला मनाई शिक्क्यात नाही. सारा नियम मी दोनदा वाचून पाहिला.

बाजारात जाऊन अर्धा किलो शेंदूर घेतला. दुकानदार मला ओळखतो, माझ्या बापालाही ओळखत होता. माझ्या बापानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवसापासून आमच्या उंबऱ्याच्या आत शेंदराचा कण आलेला नाही. दुकानदारानं पुडी बांधेपर्यंत तीनदा माझ्याकडे पाहिलं आणि मी तीनदा छताकडे पाहिलं.

विमलनं दारातच विचारलं, "हे काय आणलं?"

सगळं सांगितलं. सतराची गोष्टही सांगितली, पहिल्यापासून. जप्तीची पावतीसुद्धा. ती मग म्हणाली, "मले मारोतीनं त्याच दिवशी सांगतलं. तुमी कवा सांगता ते पाहून राह्यलती." आणि पुडीकडे बोट करून, "ते घरात ठेवू नका. घेऊन जा. अन् कमी पडू देऊ नका."

तेल मारोतीनं दिलं, जुन्या स्विचच्या पोटातलं. बयनाबाईनं शेंदूर कालवला. मी दार लोटून बाहेर उभा राहिलो, मला ते पाहायचं नव्हतं. पण ती हाक मारायला लागली, "मास्तर, माहा हात वरपर्यंत पुरत नाई." शेवटी मीच स्टुलावर चढलो. "सावधान" पासून सुरुवात केली. "तोड्या सहलीस गेल्यास" वरून हात फिरवताना थोडा थांबलो. वाक्य चांगलं होतं.

मोर तेवढे दिसतात आता. शिक्के चारी शाबूत.

३१ डिसेंबर, रविवार

आज कारखाना बंद होता. जुना बंद.

स्टोअरची यादी करायला गेलो. नव्या ब्रेकरच्या पॅनलचं दार उघडं दिसलं म्हणून लावायला गेलो, तर दाराच्या आतल्या अंगाला खडूनं काही लिहिलेलं. मारोतीचं अक्षर मी कुठंही ओळखेन.

"कील्ली माह्या खीशात हाये. आधि दीवा लावुन पाहा."

बोली सोडून पाच चुका. खडू अर्धा पुसला गेला होता, कोणाची तरी बाही लागली असेल. आठवड्याभरात सगळाच गेला असता.

स्टोअरमधून लाल रंगाचा डबा काढला, बारीक ब्रश घेतला. मारोतीला बोलावून दांडा खाली आहे का, किल्ली कुठं आहे, दिवा लावला का, सगळं विचारलं. त्यानं खिशातून किल्ली काढून दाखवली आणि लॅम्प घेऊन हाटेलापर्यंत दोन येरझाराही केल्या. मग मी गुडघे टेकून बसलो आणि एकेक अक्षर रंगवत गेलो. "की"ची दुसरी वेलांटी आली तेव्हा ब्रश आपोआप थांबला. अकरा वर्षांची सवय. मग ती पण रंगवली.

मारोती मागं उभा राहून पाहत होता. शेवटचं अक्षर संपलं. मग हळूच म्हणाला, "भाऊजी, चुकलं असन ना लय?"

मी म्हटलं, "नाई. बरोबर हाये."